तळ्याच्या कामावर

आमच्या अंगणात तळं आहे, हे परतूरमध्ये कुणाला सांगायची मला चोरी वाटायची. जिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही आणि आलं की माणसं हातातलं काम टाकून बादल्यांकडे पळतात, तिथे एका मास्तरणीने हौसेपोटी दहा फूट लांब, सहा फूट रुंद खड्डा खणून, आतून सिमेंटने बांधून त्यात लाल मासे सोडावेत, म्हणजे लोकांनी बोलायचं तरी काय? शेजारच्या खालांनी भिंतीवरून डोकावून विचारलं होतं, "मॅडम, कपडे धुवायला बनवलं का?" मी म्हटलं, मासे पाळायला. "खायला?" म्हटलं, नाही, बघायला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि आपल्या पोरीबाळींना बोलावून मला दाखवलं. तळं नाही, मला.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी माझी चांगलीच फजिती झाली. पाणी हिरवंगार झालं, त्यात डासांची पैदास झाली, निम्मे मासे गेले. यात मुरूम टाकून वर मेथी पेरावी असं मी ठरवलंच होतं. तेवढ्यात वडील आले.

वडील आले म्हणजे मी त्यांना आणलं. आई गेल्यावर ते केदारखेड्याच्या घरी एकटेच राहत होते. बैल विकून टाकले होते, शेत बटईने दिलेलं होतं. त्या आषाढात ते ओट्यावरून घसरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. कुणीतरी फावडं मागायला आलं म्हणून सापडले. हे मी शाळेत फोनवर ऐकलं. भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नऊ दिवसांत ते परत गावी. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी कुणी फावडं मागायला येईलच असं नाही. म्हणजे माझं घर सोडलं तर त्यांच्यापुढे तेवढा तो ओटाच उरला होता.

पण लेकीच्या घरी बापाने कायमचं राहायचं, हे आमच्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही, आणि त्यांच्या तर नाहीच नाही. आल्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसले, एस.टी.त बसतात तसे. पिशवी मांडीवर. माझ्या नवऱ्याने ती उचलून आत ठेवली तर उठून उभे राहिले. "पाव्हणे, तुमी कशाला?" म्हणाले. नवरा जालन्याला नोकरीला, सकाळच्या गाडीने जातो आणि दिवेलागणीला येतो. त्याच्या येण्याच्या वेळेला वडील अंगणात जाऊन बसायचे, घरात जागा अडवायला नको म्हणून. जेवायला वाढलं की अर्धी भाकरी ठेवून द्यायचे. दर दोन दिवसांनी म्हणायचे, "माय, मी जाऊन येतो गावाकडं." मला तर धडकीच भरायची.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते तळ्याच्या काठावर उकिडवे बसलेले. हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन हुंगत होते.

"पानी जड झालंय हे," ते म्हणाले. "निम्मं काढून झाडाला घाल. आन् हे माशे काय खाऊन राह्यले?"

मी बाजारातून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाचवीतली मुलगी आहे आणि पाढा चुकले आहे.

त्या दिवसापासून तळं त्यांचं झालं. श्रावणभर ते छपराचं पाणी पन्हाळीतून तळ्यात आणत राहिले. काठाला एका जागी छिन्नीने खाच पाडली. तळं भरलं की जास्तीचं पाणी त्या खाचेतून डाळिंबाच्या आळ्यात जायचं. बेडूक आले, त्यांना राहू दिलं. तळाचा गाळ बादलीने काढून कढीपत्त्याला घातला. दसऱ्यापर्यंत पाणी इतकं स्वच्छ झालं की तळाला पडलेलं माझं हरवलेलं वाटीएवढं झाकण दिसायला लागलं. मी थक्क झाले. वर्षभर मी मोबाइलवर तळ्यांचे व्हिडिओ बघत होते आणि या माणसाने आयुष्यात एकही मासा पाळलेला नव्हता.

थंडीत मासे तळाला जाऊन निपचित पडले. मला वाटलं आजारी आहेत, मी कणकेच्या गोळ्या टाकायला लागले. वडिलांनी हात धरला. "थंडीत जनावर कमी खातं. वर राह्यलेलं सडतं. जल्दी करू नको." पौषात एक खंड्या पक्षी रोज सकाळी यायला लागला. त्याने दोन मासे उचलले, तर वडील काठी घेऊन उन्हात बसायला लागले. फाल्गुनापासून पाणी रोज बोटभर खाली जायचं. त्यांनी कुठून तरी तुराट्या मिळवल्या, त्यांच्या ताट्या बांधून अर्ध्या तळ्यावर सावली केली. नळाला पाणी आलं की आधी घरातली भांडी, मग पिंप, आणि शेवटी दोन बादल्या तळ्याला, असा त्यांनी नियम घातला. त्या दोन बादल्यांचा हिशोब मला भर वर्गातसुद्धा आठवायचा.

आता "जाऊन येतो" बंद झालं होतं. पूर्ण भाकरी खायला लागले होते. एकच सवय मला विचित्र वाटायची. तळ्याचं काम झाल्याशिवाय ते ताटावर बसत नसत. ताप असला तरी नाही. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, बाबांना तळ्याने जगवलं. मुलगी म्हणून मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेत होते.

वैशाख संपत आला आणि आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं जालन्याला. मी मैत्रिणीकडे मुक्काम केला. जाताना त्यांना म्हटलं, बाबा, मासे सांभाळा. अकरा उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी फाटक उघडलं आणि जागच्या जागी थांबले. तळं पांढरं होतं. पाणी दुधाळ, भिंती पांढऱ्या शुभ्र, काठ पांढरा. त्या पाण्यात वडील गुडघ्यापर्यंत बुडून उभे, धोतर वर खोचलेलं, हातात माझी पिठाची चाळणी. चाळणीत तीन लाल मासे होते. बाकीचे पाण्यावर उलटे तरंगत होते, पोट वर करून.

मला काही कळेचना. खरंच सांगते, आधी मला वाटलं कुणी तरी विष टाकलं. मी खांद्यावरची पर्स तशीच खाली टाकली आणि ओरडले, "काय झालं? कुणी केलं हे?"

"मीच केलं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "मिरग जवळ आला. भिताडाला शेवाळ धरलं होतं. चुना लावला."

आमच्या गावी बैलांच्या पाणी प्यायच्या हौदाला दर वर्षी मृगाच्या आधी आतून चुना लावतात. हौद उपसायचा, घासायचा, चुन्याचे दोन हात द्यायचे, एक दिवस वाळवायचा, भरायचा. शेवाळ धरत नाही, पाणी गोड राहतं, बैलांना रोग होत नाही. लहानपणी तो चुना कालवायचं काम माझंच होतं, म्हणजे मलाही ते माहीत होतं. त्यांनी सगळं रीतसर केलं होतं. आदल्या दिवशी एकेक मासा चाळणीने धरून जुन्या पाण्याच्या पिंपात ठेवला. तळं घासलं. चुना लावला. रात्रभर वाळवलं. सकाळी टँकरवाल्याला थांबवून पाणी भरून घेतलं. मग मासे एकेक करून परत सोडले. बैलांच्या हौदात मासे कधीच नसतात, एवढंच काय ते त्यांना माहीत नव्हतं. बैल वरून पितो आणि निघून जातो. माशाला त्याच पाण्यात श्वास घ्यायचा असतो.

हे सगळं मी आता शांतपणे लिहिते आहे. त्या वेळी मी शांत नव्हते. माझा राग वाईट आहे, शाळेत पोरं मला टरकून असतात. मी उन्हात उभी राहून त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर ओरडले. विचारायचं नाही का? फोन करता येत नव्हता का? सगळीकडे तुमचा बैलांचा हौद! आणि मग ते वाक्य तोंडातून गेलं. "माझ्या घरात मला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

ते पाण्यातच उभे होते. "बराबर हाय," म्हणाले. मग चाळणीतले तीन मासे त्यांनी काठावर ओळीने ठेवले आणि पुन्हा वाकले, बाकीचे गोळा करायला.

संध्याकाळी नवरा आला, त्याने तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "मासे परत आणता येतील गं." मी त्याच्याशीही बोलले नाही.

चार दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. वडील ताटातली अर्धी भाकरी ठेवायला लागले. मी धुमसत होते आणि मला माझं धुमसणं अगदी योग्य वाटत होतं. तळ्यातलं पांढरं पाणी त्यांनी उपसून टाकलं, रोज थोडं स्वच्छ पाणी आणून भिंती धुवत होते. पाणी कुठून आणतात हे मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी खाला फाटकातून थेट स्वयंपाकघरात आल्या. एरवी त्या भिंतीवरूनच बोलतात.

"मॅडम, गुस्सा नका करू. तुमच्या अब्बांचे पाय बघितले का तुम्ही?"

"का? काय झालं?"

"चार दिवस झाले, आमच्या बोअरचं पानी नेऊन राह्यले. दहा-दहा बादल्या. मी म्हटलं, मी पोरीला लावते, तर न्हाई म्हणले. पायाला फडकी बांधली होती. मी म्हटलं काय झालं, तर म्हणले खडा रुतला. दोन्ही पायाला खडा रुततो का? आज फडकं सुटलं. या अल्ला, सगळी चमडी गेली हो."

चुन्याचं पाणी. ते त्यात किती वेळ उभे होते कुणास ठाऊक, आधीच भेगाळलेल्या टाचा घेऊन, माझे मेलेले मासे गोळा करत. मी फाटकातून आत आले तेव्हा तळं पाहिलं होतं, मासे पाहिले होते, चाळणी माझी आहे हेसुद्धा पाहिलं होतं. पाय पाहिले नव्हते. 

"आन् एक सांगू का?" खालांनी आवाज खाली आणला. "मी म्हटलं, अब्बा, एवढी मेहनत कशाला, राहू द्या ते तळं. तर म्हणले, मंग खाऊ कशाचं? सालगड्याच्या हातून बैल मेला, तर मालक त्याला ठेवतो का? मला समजलं न्हाई, मॅडम. मी घरी जाऊन विचार केला, मंग समजलं. मंग मला रोना आला."

मलाही समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मी खाली बसले. फरशीवरच. आमच्या शेतावर कायम एक सालगडी असायचा. वर्षाच्या बोलीने राहायचा, काम करायचा, दोन वेळा खायचा. माझे वडील त्याला ठेवून घेणारे मालक होते. आणि हे मालक दहा महिने माझ्या अंगणात गड्यासारखे राहत होते. काम झाल्याशिवाय ताटावर न बसणं ही शिस्त नव्हती. ती त्यांच्या मनातली बोली होती, जी मी कधी केली नव्हती आणि त्यांनी कधी सांगितली नव्हती. मला वाटत होतं मी बापाला सांभाळते आहे. त्यांना वाटत होतं ते माझ्याकडे कामाला आहेत. या गोष्टीने मला जेवढं हलवलं तेवढं त्या मेलेल्या माशांनीही नव्हतं हलवलं.

मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय पाहून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतके दिवस घरात कुणाला दिसलं नाही?" वडीलच म्हणाले, "लेक मास्तरीण हाय, तिला टाइम नसतो." माझी बाजू घेत होते! मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

घरी आलो. दोन्ही पायांना पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या. त्यांना खाटेवर बसवायला आत नेलं तर खाटेवर त्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. वर नीट घडी घातलेला टॉवेल.

"हे काय?"

"भिताडं धुऊन झाले. आता तू तुझे नवे माशे सोड. मी जातो उद्याच्या गाडीनं. जालन्याहून एस.टी. हाय."

"कुठे जाता? त्या रिकाम्या घरात? पुन्हा पडलात म्हणजे?"

"पडलो तर पडलो."

"बाबा, मी रागात बोलले. चुकलं माझं. जाऊ नका."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. चिडलेले नव्हते. खरोखर विचारत होते. "काय म्हणून ऱ्हाऊ?"

"म्हणजे काय? बाप म्हणून."

"बाप लेकीच्या घरी पाव्हणा असतो, माय. आठ दिस ऱ्हातो, पोळी खातो, जातो. मी दहा महिने राह्यलो. जावईबापू भला मानूस हाय, बोलत न्हाई. म्हणून मी काही समजत न्हाई असं हाय का?"

मी पुष्कळ बोलले. काळ बदलला, मुलगा-मुलगी एकच, घर माझ्याही पगारातून बांधलंय, शाळेतल्या भाषणात बोलते ते सगळं बोलले. ते ऐकून घेत होते. प्रत्येक वाक्याला "हां" म्हणत होते आणि पिशवीचा बंद आवळत होते. त्या बंदाकडे बघून माझा तो जुना राग पुन्हा उसळला. काय या माणसाला करावं! मी ओरडलेच, "बाप म्हणून राहायचं नाही ना? मग गडी म्हणून राहा!"

बोलले आणि मी तोंडावर हात ठेवला. जन्मदात्याला असं कुणी बोलतं का? आता हे उठणार, अनवाणी, त्या पट्ट्या बांधलेल्या पायांनी निघून जाणार आणि मला पुन्हा तोंड दाखवणार नाहीत, असं वाटलं.

त्यांचे हात पिशवीवर थांबले. ते विचार करत होते.

"साल कधीपसून धरतीस?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर बाजारात बैलाचे दात बघतानाचा भाव होता, अगदी खरा.

"कधीपासूनही," मी कशीबशी म्हणाले. "आजपासून."

"आज न्हाई. पाय बरे झाल्याबिगर काम व्हनार न्हाई, ते दिस तुझ्या अंगावर कशाला? मिरगापसून धर." मग बोटांवर मोजत एकेक सांगायला लागले. "दोन धोतरं. एक पायतन. दोन टाइम भाकर, सकाळी च्या. पगार नको, तेवढं काम आता माझ्यानं व्हत न्हाई. अकरा माशे माझ्या हातून गेले, ते ह्या सालात कापून घे, एक धोतर कमी दे."

"कापायचं काही नाही."

"कापावं लागतं. न्हाई तर गडी डोक्यावर बसतो." हे त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मी नवखी मालकीण होते. आणि होतेच की. "आन् इचारल्याबिगर चुना लावनार न्हाई."

मी एकेका अटीला हो म्हणत गेले. रडायला येत होतं, पण मालकिणीने बोली ठरवताना रडायचं नसतं, एवढं मला त्यांच्याकडे बघून कळत होतं. शेवटी त्यांनी मान डोलावली, पिशवीचा बंद सोडला आणि टॉवेल काढून खांद्यावर टाकला.

त्या दिवशी मी माझ्या वडिलांना सालाने ठेवलं. ही गोष्ट मी भावाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही सांगायला महिना लागला. लाज वाटते, आणि कुणाची वाटते तेही नीट सांगता येत नाही.

दुपारी ताट वाढलं. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा. पायांमुळे त्यांना खाटेवरच ताट दिलं. मी दारात उभी राहून पाहत होते, ते अर्धी भाकरी ठेवतात का म्हणून. त्यांनी पूर्ण भाकरी संपवली, बोटं चाटली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. माझ्या घरी आल्यापासून त्या माणसाने कधीही, काहीही मागितलं नव्हतं.

"अजून एक आन," ते म्हणाले. "आन् ही गार झाल्ती. गरम आन."